स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न बंद झाला, तर पहिल्या नऊ दिवसांत काय करायचं

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर ‘क्लोज्ड’ (बंद) अशी पाटी आपल्या प्रश्नावर दिसली की तीन गोष्टी करायच्या नाहीत. प्रश्न डिलीट करायचा नाही, तोच प्रश्न शब्द फिरवून परत टाकायचा नाही, आणि खाली टिप्पण्यांत भांडायचं नाही. एवढं पाळलं तर बाकीचं बहुतेक सगळं सुधारता येतं.

मी नगरला एका कॉलेजात बीसीएसच्या मुलांची प्रॅक्टिकल घेते आणि रात्री जमेल तेव्हा स्टॅक ओव्हरफ्लोवर पायथनचे प्रश्न तपासते. दिवसा ‘मॅडम, माझा प्रश्न क्लोज केला ओ’ म्हणत मुलं मोबाइल पुढे करतात, आणि रात्री दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांच्या प्रश्नांवर क्लोजचं मत देणाऱ्यांत मी असते. दोन्हीकडून बघितल्यावर एक गोष्ट ठळक दिसते: बंद करणारे पुष्कळ असतात, परत उघडणारे मोजके. प्रश्न ताजा असताना तो यादीत वर असतो, शंभर डोळे त्यावर पडतात. दुरुस्तीनंतर तो पुनर्तपासणीच्या रांगेत जातो आणि तिथे माझ्यासारखं कुणीतरी, डोळे चुरचुरत असताना, अर्ध्या मिनिटात निर्णय घेतं. ते अर्धं मिनिट आपल्या बाजूने कसं वळवायचं, त्याबद्दलच हे सगळं आहे.

बंद म्हणजे नक्की काय होतं

बंद प्रश्नाला नवं उत्तर देता येत नाही, एवढंच. तो सगळ्यांना दिसतो, त्यावर मतं देता येतात, टिप्पण्या येतात, आणि मुख्य म्हणजे तुम्ही तो बदलू शकता. बंद होण्याने तुमच्या खात्यावरचा एकही गुण (तिथली पत मोजायचं माप) जात नाही. गुण जातात ते उण्या मतांनी, तेही एका मताला दोन. आणि खात्यावर एकच गुण असेल तर त्याच्या खाली कुणी तुम्हाला नेऊ शकत नाही. उलट प्रश्नाला एक अधिक मत मिळालं की १० गुण मिळतात, म्हणजे पाच उण्या मतांची भरपाई एका झटक्यात. मुलं मात्र बंद होणं आणि उणी मतं एकच समजतात आणि दोन्हींचं दुःख एकदम करतात.

बंद करायला ३००० गुण झालेल्या तीन जणांची मतं लागतात. २०१९ पर्यंत पाच लागायची. निवडून आलेले मॉडरेटर एकट्याच्या मतावर बंद करू शकतात. शिवाय एखाद्या टॅगमध्ये (प्रश्नाला लावलेल्या विषयाच्या नावात) सोन्याचा बिल्ला मिळवलेला सदस्य त्या टॅगचा प्रश्न ‘हा आधी विचारलेला आहे’ म्हणून एकटा बंद करू शकतो. तिथली मंडळी याला थॉरचा हातोडा म्हणतात. प्रश्न टाकल्यावर मिनिटभरात बंद झाला, तर समजा की हातोडा पडलाय. घाबरू नका, हा प्रकार सगळ्यात फायद्याचा असतो. त्याबद्दल पुढे सांगते.

आता घड्याळाचं. ‘आधी विचारलेला’ हे कारण सोडून दुसऱ्या कारणाने बंद झालेला प्रश्न, ज्याच्या मतांची बेरीज शून्य किंवा त्याखाली आहे, ज्याला अधिक मत मिळालेलं किंवा स्वीकारलेलं उत्तर नाही आणि ज्यात गेल्या नऊ दिवसांत काही दुरुस्ती झाली नाही, तो यंत्रणा आपोआप उडवते. म्हणजे परीक्षा झाल्यावर बघू म्हणाल, तर बघायला काही उरणार नाही. रागाच्या भरात त्याच रात्री बदल करण्याचीही गरज नाही. झोपा, सकाळी चहा घ्या, मग बसा.

कारण नीट वाचा, कारण औषध कारणावर आहे

पाटीवर कारण लिहिलेलं असतं आणि ते इंग्रजीत असल्यामुळे मुलं वाचतच नाहीत. लाल-पिवळं काहीतरी दिसलं की टॅब बंद. पाच प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. आधी विचारलेला प्रश्न. तपशील अपुरे किंवा काय विचारलंय ते कळत नाही. एकात अनेक प्रश्न. मतावर, म्हणजे ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीवर, अवलंबून. आणि त्या साइटची स्वतःची कारणं: कोड चुकतोय पण चूक दाखवणारा मजकूर दिलेला नाही, निव्वळ टायपिंगची चूक आहे, पुस्तक किंवा साधन सुचवा असं विचारलंय, प्रोग्रामिंगशी संबंध नाही, इंग्रजीत नाही.

शेवटच्याबद्दल एवढंच की मुख्य साइट इंग्रजीतच चालते. स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानी भाषांच्या वेगळ्या साइट आहेत, मराठीची नाही. पण मोडकंतोडकं इंग्रजी हे बंद करण्याचं कारण नसतं. व्याकरण दुसरं कुणीतरी येऊन नीट करतं, ते काम आवडणारी माणसं तिथे आहेत. म्हणून इंग्रजी चकचकीत करायला प्रश्न चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ नका. डिसेंबर २०२२ पासून तिथे असा मजकूर टाकायला बंदी आहे, आणि शब्दरचना बदलून घेणंही त्यात येतं. तुमच्या चुकीच्या इंग्रजीतला खरा तपशील मला जास्त उपयोगाचा.

‘मतावर अवलंबून’ आणि ‘साधन सुचवा’ हे प्रश्न दुरुस्त करायच्या नादी लागू नका. ‘जँगो शिकू की फ्लास्क’ हा प्रश्न कितीही नटवला तरी तिथे उघडणार नाही. तो सीनियरना विचारा, ग्रुपवर विचारा. सॉफ्टवेअर सुचवण्यासाठी आणि चालू असलेला कोड तपासून घेण्यासाठी त्याच कुटुंबातल्या वेगळ्या साइट आहेत. तिथे जाण्याआधी तिथले नियम वाचा, नाहीतर हीच पाटी तिथे मिळेल. एकात अनेक प्रश्न असतील तर एकच ठेवा, बाकीचे कापा. तेही पाच मिनिटांचं काम. वेळ द्यायचा तो ‘तपशील नाहीत’ या कारणावर, कारण नव्या मुलांचे प्रश्न जास्त करून तिथेच अडकताना मी बघते.

एक प्रश्न, दोन वेळा लिहिलेला

आमच्याकडच्या एका मुलाचं उदाहरण घेते. त्याचा प्रोजेक्ट होता ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीच्या याद्यांचा. पायथनमध्ये पांडाज (तक्ते हाताळायची लायब्ररी) वापरून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी मांडलेला साधा तक्ता) तयार करायची आणि ग्रामसेवकांनी ती एक्सेलमध्ये उघडायची. शीर्षक होतं, ‘पायथन नॉट वर्किंग प्लीज हेल्प अर्जंट’. आत ‘रिस्पेक्टेड सर’, मग प्रोजेक्टची पूर्ण हकिगत, मग सगळा कोड, आणि खाली मॉनिटरचे मोबाइलवर काढलेले फोटो, ट्यूबलाइटच्या चमकेसह. मुद्द्याचं वाक्य एकच: मराठी येत नाही.

हा प्रश्न बंद झाला ते बरोबरच झालं. मराठी कुठे येत नाही? स्क्रीनवर, फाइलमध्ये, की एक्सेलमध्ये? चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं दिसतात, की काही भलतंच? फोटोत जे दिसत होतं ते मला ओळखीचं होतं, पण प्रश्न वाचणाऱ्याने फोटो झूम करून अंदाज बांधायचा हे काही बरं नव्हे. फोटोतला कोड कॉपी करून चालवून बघता येत नाही, शोधात सापडत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही.

त्याला बसवून दुरुस्ती कशी केली ते क्रमाने सांगते, कारण हा क्रम जवळपास कुठल्याही प्रश्नाला चालतो.

पहिलं, आधी नवी रिकामी फाइल उघडली. जुन्या कोडला हातच लावला नाही. नव्या फाइलमध्ये एक स्तंभ, नाव ‘गाव’, आणि दोनच ओळी: राहुरी आणि संगमनेर. मग ती सीएसव्ही म्हणून लिहिणारी एक ओळ. चालवून पाहिलं, अडचण तशीच आली. म्हणजे डेटाबेस, लॉगिन, पाणीपट्टीचे दर, यातलं कशाचंही याच्याशी देणंघेणं नव्हतं. जी ओळ काढली तरी अडचण राहते ती ओळ प्रश्नात नको, आणि जी काढल्यावर अडचण जाते ती हवीच. स्टॅक ओव्हरफ्लोवर या छोट्या नमुन्याचा फार आग्रह असतो, तो यासाठी. कधीकधी नमुना करता करताच उत्तर सापडतं आणि प्रश्न विचारावा लागत नाही, पण त्यावर विसंबू नका.

दुसरं, तीच फाइल आणखी कशात तरी उघडली. नोटपॅडमध्ये राहुरी नीट दिसलं. एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडल्यावर प्रत्येक मराठी अक्षराच्या आणि मात्रेच्या जागी तीन-तीन परकी चिन्हं, आणि प्रत्येक तिकडीची सुरुवात डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या लॅटिन ‘ए’ने (à). इथेच अर्धं निदान झालं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, म्हणजे एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ते तीन बाइट कुणीतरी तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचतंय. फाइल बरोबर आहे, वाचणारा चुकतोय. मुलाला हे सगळं माहीत असण्याची गरज नव्हती. ‘नोटपॅडमध्ये बरोबर, एक्सेलमध्ये चूक’ एवढं लिहिलं असतं तरी जाणकाराला पुरलं असतं.

तिसरं, शीर्षक. त्याच्या इंग्रजीतच लिहिलं, पण अर्थ असा: पांडाजने लिहिलेल्या सीएसव्हीतली देवनागरी अक्षरं एक्सेलमध्ये बिघडतात, नोटपॅडमध्ये नीट दिसतात. शीर्षकात साधनांची नावं आणि काय बिघडतंय ते आलं पाहिजे. ‘अर्जंट’ काढा. तुमची सबमिशनची तारीख उत्तर देणाऱ्याची नसते, आणि तो शब्द बघितला की काही लोक मुद्दाम पुढे जातात. खोटं कशाला सांगू, मीही जाते.

मग मजकूर: काय करतोय ते एका वाक्यात, नमुना कोड मजकूर म्हणून, काय दिसायला हवं होतं, काय दिसतं, काय करून पाहिलं, आणि पायथन, पांडाज, विंडोज, एक्सेल यांच्या आवृत्त्या. एरर आली असेल तर ती पूर्ण चिकटवा, शेवटची ओळ तरी हवीच. ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘थँक्यू इन अॅडव्हान्स’ गेले. आपल्याकडे हे न लिहिणं उद्धटपणा वाटतो, हे मला ठाऊक आहे; पहिल्या बाकावरची मुलं तर सर-मॅडमशिवाय ओळ सुरू करत नाहीत. पण तिथे कुणी ते काढून टाकलं तर तो अपमान समजू नका. दहा वर्षांनी वाचणाऱ्याला त्या ओळींचा उपयोग नाही, एवढाच त्यामागचा विचार.

कारण ही एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी नाही, भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक आहे. जेफ अॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये ही साइट काढली तेव्हापासून कल्पना हीच आहे की उत्तर विचारणाऱ्यासाठी असतं त्याहून जास्त पुढे शोधत येणाऱ्यांसाठी असतं. नवा माणूस खिडकी समजून येतो आणि म्हणून दुखावतो. त्यात त्याचा दोष कमी. हे आत येताना त्याला कुणी धड सांगत नाही.

दुरुस्ती साठवताना

जुन्या मजकुराखाली ‘एडिट:’, ‘अपडेट:’ असे थर चढवू नका. पूर्ण प्रश्न नव्याने लिहा. आधीची आवृत्ती इतिहासात जपलेली असते, ज्याला बघायची तो बघेल. टिप्पणीत कुणी काही विचारलं असेल तर त्याचं उत्तर प्रश्नाच्या मजकुरात घाला. रांगेत बसलेला माणूस टिप्पण्या वाचेलच असं नाही. माफी, खुलासा, ‘आता तरी उघडा’ यातलं काही प्रश्नात नको.

पहिलीच दुरुस्ती पूर्ण करा. एक स्वल्पविराम बदलून साठवलं आणि प्रश्न रांगेत पाठवला, तर तपासणाऱ्याला तोच अपुरा प्रश्न दिसतो आणि तो ‘बंदच राहू दे’वर बोट ठेवतो. बंद होण्याचं कारण या बदलाने दूर झालं अशा अर्थाची खूण करायची सोय साठवताना दिसते; काम पूर्ण झालं असेल तरच ती खूण करा. मग परत तीन मतं लागतात.

प्रश्नाला आधीच कुणी उत्तर दिलेलं असेल, तर एक काळजी घ्या: दुरुस्तीच्या नावाखाली प्रश्नच पालटू नका. त्या बिचाऱ्याचं उत्तर अचानक असंबद्ध दिसायला लागतं.

दुसऱ्यांच्या प्रश्नांवर टिप्पणी करायला ५० गुण लागतात, पण स्वतःच्या प्रश्नाखाली एका गुणावरही लिहिता येतं. हे नव्या मुलांना माहीत नसतं आणि ती गप्प बसतात. ज्याने काही विचारलं होतं त्याला ‘प्रश्न सुधारला आहे, अजून काय कमी आहे?’ एवढं विचारा. एकदाच. तरीही उघडला नाही आणि तुमच्याकडे पाच गुण असतील तर मेटा नावाच्या, साइटबद्दलच बोलायच्या विभागात जाऊन विचारता येतं. तिथे ‘का बंद केला’ असं विचारलंत तर खरडपट्टी होईल, ‘काय बदलू’ असं विचारलंत तर मदत मिळेल. तिथल्या मतांचा तुमच्या गुणांवर परिणाम होत नाही, पण मनावर होतो, हे आधीच सांगून ठेवते.

दुसऱ्यांदा बंद झाला तर

त्या मुलाचा प्रश्न उघडला आणि लगेच परत बंद झाला. हातोडा. ‘परत क्लोज केला मॅडम’, चेहरा पार उतरलेला. पण पाटीवर आता दुवा होता, एक्सेल यूटीएफ-८ सीएसव्ही नीट का ओळखत नाही या जुन्या प्रश्नाचा, आणि तिथे त्याचं उत्तर तयार होतं. फाइल लिहिताना एन्कोडिंग नुसतं यूटीएफ-८ न देता ‘यूटीएफ-८-सिग’ द्यायचं. त्याने फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची एक खूण लिहिली जाते आणि ती बघून एक्सेलला कळतं की हे काय आहे. एका शब्दाची भर, आणि राहुरी राहुरीसारखं दिसलं.

‘आधी विचारलेला’ म्हणून बंद होणं म्हणजे बहुतेक वेळा उत्तर हातात पडणं. हे प्रश्न नऊ दिवसांच्या सफाईत जात नाहीत. त्यांना उत्तर नसेल, तर लॉगिन न करता आलेला माणूस थेट मूळ प्रश्नावर पोचतो. त्यामुळे देवनागरी, पांडाज, एक्सेल असं शोधणाऱ्या पुढच्या मुलाला आपल्या मुलाचं शीर्षक रस्ता दाखवत राहतं. जावास्क्रिप्टवाल्यांना असिंक्रोनस कॉलचं उत्तर परत कसं मिळवायचं, पायथनवाल्यांना फंक्शनमध्ये दिलेली यादी दर वेळी का फुगते, जावावाल्यांना नल पॉइंटर एक्सेप्शन म्हणजे काय, हे ठरलेले जुने प्रश्न आहेत आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारे असंख्य आहेत. त्या रांगेत तुमचा असणं यात लाजण्यासारखं काही नाही.

कधी दुवा चुकीचा असतो, हेही खरं. तेव्हा ‘धिस इज नॉट डुप्लिकेट’ एवढंच लिहून काही होत नाही. दुव्यातला उपाय खरंच करून बघा, मग प्रश्नात लिहा: तो उपाय केला, हा निकाल आला, आणि माझी अडचण या बाबतीत वेगळी आहे. हे वाचून मी स्वतः उघडण्याचं मत दिलेलं आहे.

साइटचंही थोडं ऐकवते

नवख्यांना बोचेल अशी भाषा तिथे वर्षानुवर्षं होती. २०१३ पर्यंत बंद करण्याचं एक कारणच ‘हा खरा प्रश्न नाही’ असं होतं. ज्याची रात्र त्या प्रश्नात गेली त्याने ते वाचून काय समजायचं? मग काही वर्षं ‘बंद’ऐवजी सुरुवातीचे पाच दिवस ‘थांबवून ठेवला आहे’ असं लिहिलं जायचं. २०१९ मध्ये ते गेलं. मला ते शब्द बरे वाटायचे. एप्रिल २०१८ मध्ये तर जे हॅनलन यांनी साइटच्याच वतीने लिहिलं की इथे नव्या लोकांचं, विशेषतः बाहेरचं वाटणाऱ्यांचं, नीट स्वागत होत नाही. त्याच वर्षी नव्या सदस्याच्या प्रश्नावर हात हलवणारं छोटं चिन्ह दिसायला लागलं, की बाबांनो जरा सांभाळून घ्या.

पाचाची तीन मतं झाली तेव्हा नव्यांवर अन्याय झाला असं बरेच म्हणाले. मला तसं वाटत नाही. अर्धवट प्रश्न उघडा राहिला की त्यावर अंदाजपंचे उत्तरं आणि उणी मतं पडत राहतात. त्यापेक्षा लवकर थांबवलेला बरा. माझी तक्रार उघडण्याच्या बाजूची आहे. तिकडेही तीनच मतं लागतात, पण ती द्यायला माणसं येत नाहीत.

२०२४ मध्ये सगळ्यांसाठी सुरू झालेलं ‘स्टेजिंग ग्राउंड’ मला त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटतं. नव्या सदस्याचा प्रश्न सगळ्यांपुढे जाण्याआधी तिथे थांबतो, तपासणारे काय कमी आहे ते सांगतात, सुधारल्यावर तो बाहेर पडतो. प्रश्न टाकताना तुम्हाला तिकडे नेलं तर ती शिक्षा समजू नका आणि प्रश्न टाकून गायब होऊ नका. सूचना येते, तिला उत्तर द्यावं लागतं.

आणि प्रश्न विचारायलाच बंदी आली तर

वाईट ठरलेले प्रश्न साचले की यंत्रणा खात्याला प्रश्न टाकू देत नाही. ही बंदी कुणी माणूस घालत नाही आणि तिचं गणित जाहीर केलेलं नाही. डिलीट केलेले प्रश्नही त्यात धरले जातात. म्हणून पहिल्याच परिच्छेदात डिलीट करू नका म्हटलं. बंदी लागलेल्या खात्याला सहा महिन्यांनी एक प्रश्न टाकता येतो. दुसरं खातं काढून त्यातून वाट काढणं नियमाविरुद्ध आहे.

सुटायचा मार्ग कंटाळवाणा आहे. आपल्या प्रोफाइलवर जाऊन जुने प्रश्न एकेक उघडायचे आणि वर सांगितलं तसे सुधारायचे. स्वतः डिलीट केलेले असतील तर ते परत आणून सुधारायचे. जे प्रश्न मुळातच मत विचारणारे होते ते सोडून द्यायचे. सगळ्यात आधी असा प्रश्न घ्या ज्याला उणी मतं कमी आहेत आणि ज्याचा कोड अजून तुमच्या लॅपटॉपवर आहे. त्याचा छोटा नमुना तासाभरात होतो.